विश्रांतीचाही कंटाळा आला असेल तर

प्रश्न : माझं वय 41. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. महिनाअखेर आली की दहा-बारा तास खुर्चीवरून उठणं होत नाही. डोक्यावर घराचं कर्ज आहे. वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांचं सगळं मी आणि बायको मिळून करतो. बहीण जवळच राहते, ती अधूनमधून येऊन जाते. सुट्टीच्या दिवशी मी नुसता पडून मोबाइल बघतो आणि संध्याकाळी उठतो तेव्हा सकाळपेक्षा जास्त दमलेला असतो. मध्यंतरी आम्ही चार दिवस बाहेरगावी जाऊन आलो. तिथे बरं वाटलं, पण परतल्यावर पहिले पाढे पंचावन्न. बायको म्हणते, घराजवळ बाग आहे, वाचनालय आहे, कॉलेजात तू बॅडमिंटन खेळायचास तर त्याचं कोर्टही जवळ आहे. जा ना संध्याकाळी. पण वडील अंथरुणावर असताना मी बागेत जाऊन बसायचं, हे मनाला पटत नाही. शिवाय अशा फिरण्या-खेळण्याने ताण खरंच कमी होतो, की ही मनाची समजूत? खरं सांगायचं तर मला आता विश्रांतीचाही कंटाळा आला आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात कर्ज आहे, आजारपण आहे, कामाचा रगाडा आहे. पण वाचताना मी सगळ्यांत जास्त अडखळले ती 'विश्रांतीचाही कंटाळा' या शब्दांपाशी. दिवसभर पडून राहूनही माणूस दमतो, यात आळसाचा काही संबंध नाही. अंग गादीवर असतं, पण डोकं अजून कामावरच असतं. त्यामुळे तुमच्या सुट्टीच्या दिवशी विश्रांती झालेलीच नसते, आणि जी झाली नाही तिचा थकवा उतरणार तरी कसा?

आधी तुमच्या शंकेचं उत्तर देते. ताण खरंच कमी होतो. ही मनाची समजूत नाही, शरीरात मोजता येणारी गोष्ट आहे. ताण आला की काय होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे उपाय कुठे लागू पडतो ते कळेल. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. अॅड्रेनलीन हे संप्रेरक सुटतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. त्यामागोमाग कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं आणि रक्तात साखर मोकळी होते. समोर जनावर उभं असेल तर हे सगळं कामाचं. दहा मिनिटांत काय तो निकाल लागतो आणि शरीर पुन्हा शांत होतं. पुढे 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ही सज्जता दिवसेंदिवस उतरलीच नाही, तर शरीर आतून झिजायला लागतं. तुमच्या बाबतीत धोका आहे तो हप्त्याच्या तारखेचा, न जुळणाऱ्या ताळेबंदाचा आणि शेजारच्या खोलीतून येणाऱ्या वडिलांच्या हाकेचा. यातला एकही दहा मिनिटांत संपणारा नाही. म्हणून तुमचं शरीर पहाऱ्यावरून उतरतच नाही.

ते पहाऱ्यावरून उतरवायचं कसं, यावर साबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये एक फार उपयोगी मांडणी केली. काम संपल्यावर माणूस खऱ्या अर्थाने ताजातवाना कशाने होतो, याच्या त्यांनी चार बाजू सांगितल्या. एक, कामाचा विचारच डोक्यातून बाजूला होणं. दुसरी, अंग आणि मन सैल पडणं. तिसरी, कामापलीकडचं काहीतरी जमू लागणं, त्यात हात बसणं. आणि चौथी, हा वेळ कसा घालवायचा ते आपलं आपण ठरवणं. आता तुमचा सुट्टीचा दिवस या चार कसोट्यांवर घासून बघा. मोबाइलवर ऑफिसचा ग्रुप आहेच, त्यामुळे काम डोक्यातून जात नाही. मान वाकलेली, डोळे ताणलेले, मग अंग सैल कुठून पडणार? नवीन काही येऊ लागलं, असंही नाही. आणि पुढे काय बघायचं ते तुम्ही ठरवत नाही, समोर येईल ते बघत जाता. चारपैकी एकही गोष्ट हाती लागली नाही आणि दिवस गेला. संध्याकाळी चिडचिड होणारच.

बाहेरगावच्या चार दिवसांत मात्र यातलं बरंच काही मिळालं होतं, म्हणून तिथे बरं वाटलं. पण सुट्टीचा परिणाम किती टिकतो, याचा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माणसांना सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर प्रश्न विचारून अभ्यास केला, तेव्हा दिसलं की कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच बहुतेकांचं बरं वाटणं मूळ पातळीवर येतं. म्हणजे तुमच्या बाबतीत जगावेगळं काही घडलं नाही. सहल करू नका असं मी म्हणत नाही, जमेल तेव्हा जरूर करा. पण वर्षातून एकदा लांब जाऊन वर्षभराचा थकवा फेडता येत नाही. रोज साचणारा ताण रोजच्या रोज, निदान आठवड्यातून दोन-तीनदा तरी उतरवावा लागतो. त्यासाठी जागा जवळ हवी, पायी जाता येईल अशी, आणि खर्चाचा विचार करावा लागू नये अशी. तुमच्या पत्नीने नेमक्या तशाच जागा सांगितल्या आहेत. त्यांचं ऐका.

बागेपासूनच सुरुवात करू, कारण तिथे जायला काहीच तयारी लागत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये शहरात राहणाऱ्या माणसांवर एक लहानसा प्रयोग केला. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, किमान दहा मिनिटं आपल्याला आवडेल अशा हिरवळीच्या जागी जायचं. बसा किंवा चाला, वेळ आणि जागा ज्याची त्याने ठरवायची. त्या वेळात फोन, इंटरनेट, वाचन आणि गप्पा बंद. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं. ते सर्वांत वेगाने उतरलं वीस ते तीस मिनिटांच्या टप्प्यात. त्यापुढेही उतरत राहिलं, पण हळूहळू. माणसं थोडी होती, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ मानू नका. मात्र दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत : वीस मिनिटं पुरतात, आणि फोन खिशातच राहायला हवा. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या जवळजवळ 20,000 लोकांच्या माहितीवरूनही दिसलं की आठवड्याला एकूण 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्या माणसांची तब्येत आणि समाधान तुलनेने चांगलं असतं. ती मिनिटं एकदम घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फारसा फरक पडत नाही. मुळात निरोगी माणसंच जास्त फिरतात, असंही यात असू शकतं. तरी तुमच्यासारख्याला ही 'तुकड्यातुकड्याने'ची सवलत मोलाची आहे.

बागेत गेल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं कंटाळवाणी जातील, हे आधीच सांगून ठेवते. हात आपोआप खिशाकडे जाईल. 'काय बसलोय मी इथे' असं वाटेल, उरलेली कामं एकेक करून डोक्यात रांग लावतील. बहुतेक माणसं याच वेळी उठतात आणि आपल्याला हे जमत नाही असं ठरवून मोकळी होतात. तुम्ही उठू नका. समोरचं एकच झाड धरा. बुंध्यापासून वर बघत जा. साल कुठे फुटली आहे, मुंग्या कुठल्या भेगेतून वर चढताहेत, पहिली फांदी कुठल्या बाजूला गेली आहे, कोवळी पानं शेंड्याला कुठे आहेत, वारा आला की आधी कुठली फांदी हलते. विचार मध्ये घुसतील. घुसू द्या आणि पुन्हा झाडाकडे वळा. आकडे तपासताना लक्ष ओढून-ताणून एका जागी धरावं लागतं आणि ते धरून ठेवण्याची ताकद दिवसभरात संपत जाते. पानांची हालचाल, पाण्याचा आवाज, ढग, पाखरं यांच्याकडे मात्र लक्ष आपसूक जातं, ते धरावं लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला उसंत मिळते, अशी मांडणी रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने केली आहे. साधारण पंधराव्या मिनिटाला तुमचे खांदे थोडे खाली आलेले जाणवतील. ते लक्षात घ्या. पुढच्या वेळी घरातून निघायला तेच उपयोगी पडेल.

ज्या दिवशी बागेपर्यंत जाणं अशक्यच असेल, त्या दिवशी घराच्या किंवा ऑफिसच्या खिडकीतून दिसणारं झाड चालेल. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या होत्या. हा अभ्यास 1984 मध्ये छापून आला. खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते घरीही थोडे लवकर गेले. हे वाचल्यावर मला तुमच्या वडिलांचा पलंग आठवला. तो खिडकीपाशी हलवता येत असेल तर हलवा. डॉक्टरांची हरकत नसेल तर एखाद्या संध्याकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीतून बागेत न्या. दिवसचे दिवस छताकडे बघणाऱ्या माणसाला बाहेरचा वारा लागणं ही मोठी गोष्ट आहे. पण तो वेळ त्यांचा. तुमच्या स्वतःच्या वेळात त्याची भर घालू नका.

आता मनाला न पटण्याबद्दल. मला वाटतं, सगळ्याची गाठ इथेच आहे. वडील अंथरुणावर असताना आपण मजा करायची नाही, असं तुम्ही स्वतःला बजावलं आहे. यात तुमचं प्रेम दिसतं, आणि मी ते हलक्यात घेणार नाही. पण वर्षभर असं वागून वडिलांना काय मिळालं, हे स्वतःला विचारून बघा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरात असता खरे, पण दुसऱ्या खोलीत, मोबाइल घेऊन, वैतागलेले. त्यांनी दोनदा हाक मारली की तिसऱ्यांदा तुमचा आवाज चढत असेल, आणि मग रात्री तेच मनाला खात असेल. पत्रात तुम्ही असं लिहिलेलं नाही, पण आजारी माणसाची सेवा करणाऱ्या अनेकांनी मला हेच लिहिलं आहे. आजारपण लांबणारं असतं तेव्हा सेवा करणाऱ्याने स्वतःला टिकवणं हा सेवेचाच भाग असतो. तुम्ही आडवे झालात तर त्या घरात वडिलांना उठवून बसवायला कोण आहे?

म्हणून वेळ चोरू नका, उघडपणे मागून घ्या. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमच्या, तासभर. त्या वेळी वडिलांजवळ कोण बसेल ते आधीच ठरवा. बहीण 'अधूनमधून' येते असं तुम्ही लिहिता. तिला वार आणि वेळ सांगून बघा. 'कधी जमलं तर ये' म्हटलं की कोणालाच जमत नाही. 'गुरुवारी सहा ते साडेसात तू बाबांजवळ बस' म्हटलं की माणूस आपली कामं त्याप्रमाणे लावतो. तिलाही वडिलांचं काही करावंसं वाटत असणारच, कदाचित कुठून हात लावायचा ते तिला कळत नसेल. वडिलांनाही सांगून जा. 'बाबा, मी खेळायला जातोय, ताई आहे, साडेसातला येतो.' चोरून जाण्यापेक्षा हे त्यांनाही बरं वाटेल, आणि आल्यावर सांगायला काहीतरी असेल.

दोन संध्याकाळी तुमच्या, तशाच दोन तुमच्या पत्नीच्या. हे मी आग्रहाने सांगते आहे. तुमच्या पूर्ण पत्रात त्या तुम्हाला सुचवताना दिसतात, सेवा करताना दिसतात, पण त्या स्वतः कुठे जातात, त्यांना काय आवडतं, याचा एक शब्द नाही. सासऱ्यांचं अंथरूण, घर आणि तुमचा वैताग हे तिन्ही त्या सांभाळताहेत. त्यांना वाचनालयात जायचं असेल, मैत्रिणीकडे बसायचं असेल, गाण्याच्या वर्गाला जायचं असेल किंवा दार लावून नुसतं झोपायचं असेल. विचारा, आणि त्या दिवशी घर तुम्ही बघा, हाक न मारता.

तुमच्या दोनपैकी एक संध्याकाळ बॅडमिंटनला द्या. चार बाजूंमधली तिसरी, काहीतरी जमू लागण्याची, ती तुम्हाला इथे मिळेल. शिवाय शटल अंगावर येत असताना ताळेबंदाचा विचार करताच येत नाही, त्यामुळे पहिलीही मिळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. एक संध्याकाळ खेळ आणि बाकीचे दिवस भरभर चालणं यात तो आकडा सहज गाठता येतो. मात्र जपून. कॉलेजनंतर इतक्या वर्षांनी कोर्टवर उतरलेला माणूस पहिल्याच दिवशी जुन्या जोमाने पुढे झेप घेतो आणि टाचेमागची जाड शीर किंवा घोटा दुखावून महिनाभर बसतो. आधी दहा मिनिटं चाला, थोडं जागच्या जागी धावा, पोटऱ्या ताणा, घोटे आणि मनगटं फिरवा. पहिले काही दिवस गुण न मोजता नुसते शटल मारा आणि नंतर दुहेरी खेळा, म्हणजे पळापळ निम्मी होते. बूट खेळायचेच घ्या, चालायच्या बुटांत पाय बाजूला वळतो. आणि एक गोष्ट टाळू नका : वडिलांना झटका येऊन गेलेला आहे, तुम्ही चाळिशी ओलांडली आहे आणि दिवसभर बसून असता. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांना सांगून मगच रॅकेट हातात घ्या. खेळताना छातीत दाब आला, दम अवाजवी लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

कोर्टवर आणखी एक गोष्ट मिळते, जिचा तुम्ही विचार केला नसेल : माणसं. तिथे तुम्ही कोणाचे मुलगे नाही, कोणाचे साहेब नाही, कर्जदारही नाही. 'आज बॅकहँड बरा लागतोय' एवढंच कोणी तुम्हाला म्हणेल. वर्षभरात तुमच्याशी असं काही बोललेलं मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

वाचनालयाबद्दल फार लिहीत नाही. ज्या संध्याकाळी अंगात त्राण नसेल त्या दिवशी तिथे जाऊन बसा, एवढंच. शांत जागा, डोक्यावर पंखा, कोणी काही विचारत नाही. जड पुस्तक हातात धरायलाच हवं असं नाही; मासिकं, चित्रांची पुस्तकं, खेळाचं पान, काहीही चालेल.

ऑफिसातल्या ताणासाठी मात्र संध्याकाळची वाट बघू नका. महिनाअखेरीला खुर्चीवरून उठता येत नसलं तरी श्वास तुमच्याजवळच असतो. नाकाने श्वास घ्या, छाती भरली असं वाटलं की त्यावर आणखी छोटासा श्वास घ्या, आणि मग तोंडाने अगदी सावकाश, शेवटपर्यंत सोडा. सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, कारण त्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो. म्हणून लांब उच्छ्वासाने शरीर खाली येतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये हीच पद्धत रोज पाच मिनिटं, महिनाभर करून घेतली, तेव्हा माणसांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारलेला दिसला. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

दुसरा उपाय एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांचा, शंभर वर्षांच्या घरातला आणि आजही वापरात असलेला. ताठरलेल्या स्नायूला 'सैल हो' म्हणून तो होत नाही, कारण तो ताठरला आहे हेच आपल्याला कळत नसतं. म्हणून त्याला आधी मुद्दाम आवळायचं. टेबलाखाली दोन्ही मुठी पाच सेकंद घट्ट वळा आणि एकदम सोडून द्या. मग पंधरा-वीस सेकंद नुसतं बघा, बोटांत काय होतं ते. थोडी ऊब येते, जडपणा येतो. तसंच खांदे कानांपर्यंत उचलून सोडा. दातांवर दात दाबून जबडा सोडा आणि जीभ खाली टेकू द्या. हिशेबाचं काम करणाऱ्यांचा ताण जबड्यात आणि मानेत साठलेला मी नेहमी बघते. हे करायला चार मिनिटं लागतात आणि शेजारच्या टेबलावर कळतही नाही. कुठे दुखत असेल तर तो भाग आवळू नका.

रात्री झोप कशी लागते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण इतकं सगळं डोक्यात घेऊन ती बरी लागत असेल असं वाटत नाही. झोपण्याआधी पाच मिनिटं वही घ्या आणि उद्या व पुढच्या दिवसांत करायची कामं लिहून काढा. मोघम नको. 'बँकेचं बघायचं' असं लिहिण्यापेक्षा 'अकरा वाजता बँकेत फोन, हप्त्याची तारीख पुढे ढकलता येईल का ते विचारायचं' असं लिहा. अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात, हे ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्येच नोंदवलं होतं. नंतरच्या प्रयोगांतून दिसलं की काम उरकलं नाही तरी त्याचा पक्का बेत ठरला की डोकं ते धरून ठेवणं सोडतं. 2018 मधल्या एका लहान अभ्यासात झोपण्याआधी पुढच्या कामांची यादी करणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची नोंद करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. जितकी यादी नेमकी तितकी लवकर. दुपारी उशिराची कॉफी आणि कडक चहाही बंद करा. कॅफीनचं अर्धं प्रमाण रक्तातून जायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त.

ऑफिसचा ग्रुप रात्री ठरावीक वेळेनंतर मूक करून ठेवा. खरोखर तातडीचं असेल तर फोन करा, असं वरिष्ठांना आधी सांगून ठेवा. बहुतेक निरोप सकाळपर्यंत थांबणारेच असतात.

बागेने आणि बॅडमिंटनने काय होणार नाही, तेही सांगायला हवं. कर्ज त्याने फिटणार नाही. दहा-बारा तासांचं काम दोन माणसांचं असेल तर ते दोन माणसांचंच राहील. त्या गोष्टींसाठी बँकेशी बोलणं, वरिष्ठांशी बोलणं, वडिलांसाठी काही तासांची मदतनीस ठेवणं परवडतं का याचा हिशेब मांडणं, हे वेगळं करावं लागेल, आणि हिशेब तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. शांत झालेल्या डोक्याने ही बोलणी जास्त नीट होतात, एवढंच मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट, आणि ही जरा लक्ष देऊन वाचा. पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस चाललं आहे, असं असेल तर तो साधा ताण नाही. मग बागेत जाण्याच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञांना किंवा निदान तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जगूच नये असा विचार कधी डोकावला तर वाट बघू नका, त्याच क्षणी पत्नीला उठवून सांगा आणि डॉक्टरकडे जा. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या टोकाला आहात असं मला वाटत नाही, पण पत्रावरून सगळं कळतं असंही नाही.

सुरुवात या आठवड्यातच करा, आणि लहान करा. बहिणीला आज फोन. गुरुवारी ऑफिसातून येताना घरात न शिरता थेट बागेत वीस मिनिटं, कारण एकदा घरात पाऊल टाकलं की बाहेर पडणं होत नाही. बॅडमिंटन तपासण्या झाल्यावर, दोन आठवड्यांनी. महिनाअखेरीचा आठवडा तुमच्या हातून चुकणारच, तेव्हा त्या आठवड्यात खेळ सोडून द्या आणि नुसता श्वास व मुठींचा उपाय चालू ठेवा. चुकलेल्या संध्याकाळी पुढच्या आठवड्यात भरून काढायच्या नाहीत. नेहमीच्या दिवशी नेहमीच्या वेळी जायचं. दोन महिन्यांनी पत्नीला विचारा, घरात काही फरक जाणवतो का, आणि त्या काय म्हणतात ते मला जरूर लिहा.